मनाला लावून घेणं, मनावर घेणं

या अंकासाठी आलेल्या पत्रांतली तीन पत्रं मी एकत्र घेतली आहेत. तिघांनीही एकच शब्द वापरलाय, टेन्शन. पण दुखणं तिघांचं वेगळं आहे, आणि उत्तरंही मला वेगवेगळीच द्यावी लागणार आहेत. नावं आणि गावं त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते: मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, भूलतज्ज्ञ आहे. मिरजेत आणि आजूबाजूच्या तालुक्यांत एकतीस वर्षं भूल दिली. टेबलावर आडव्या झालेल्या माणसाच्या उशाशी बसायचं, त्याच्या नाडीवर बोट ठेवायचं आणि तो झोपेपर्यंत त्याच्याशी बोलायचं, हे माझं काम होतं. माणसाची भीती मी त्याच्या तोंडून ऐकली आहे आणि त्याच क्षणी नाडीतही मोजली आहे. मी जे लिहिते ते तिथून येतं.

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी जत तालुक्यातल्या एका गावची सरपंच आहे. वय ३८, शिक्षण बारावी. दोन वर्षांपूर्वी महिला राखीव जागेवर निवडून आले. कामाची मला आवड आहे. टँकरवाल्याशी, ठेकेदाराशी बोलताना माझा आवाज कधी कापत नाही. पण ग्रामसभा आली की आदल्या रात्रीपासून छातीत धडधडायला लागतं. १५ ऑगस्टच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय होता. उभी राहिले आणि तोंडाला कोरड पडली, हातातला कागद थरथरायला लागला. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. ग्रामसेवकांना वाचायला सांगून मी खाली बसले. मिस्टर म्हणतात, पुढच्या वेळी मीच बोलतो. दिरांनी मेडिकलमधून गोळी आणून दिलीय, सभेआधी तासभर घे म्हणाले. पाकिटाचा फोटो पाठवते. लहानपणी मला दमा होता, आता फक्त थंडीत धाप लागते. २ ऑक्टोबरला पुन्हा सभा आहे. भीती जाईल असं काहीतरी सांगा.

ताई, आधी गोळीचं. फोटोतली गोळी प्रोप्रॅनोलॉलची आहे. ती छातीची धडधड आणि हाताची थरथर कमी करते हे खरं, म्हणूनच कुणीतरी दिरांना सुचवली असणार. पण दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका ती आवळते, आणि असा झटका जिवावर बेतू शकतो. दमा लहानपणी होता म्हणजे आता नाही असं धरू नका, थंडीत धाप लागते असं तुम्हीच लिहिलंय. ती गोळी घेऊ नका. यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर त्यांनी विचारायची वाट न बघता दम्याचं सांगा. दिरांवर रागावू नका, त्यांनी काळजीपोटीच आणली असेल. पाकीट मात्र परत करा.

आता धडधडीचं. भीती जाईल असं काहीतरी तुम्ही मागितलंय. तसलं काही मी देणार नाही, कारण ती धडधड जायची गरज आहे असं मला वाटत नाही.

अ‍ॅड्रेनालीन मी हजारदा हातात धरलं आहे. काचेची लहानशी कुपी, त्यात एक मिलिलिटर द्राव, आणि त्या द्रावात एक मिलिग्रॅम औषध. कुणाचं हृदय थांबलं की आम्ही ती कुपी फोडतो. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येऊन एखाद्याचं बीपी कोसळलं, श्वास कोंडला, की त्यातलीच अर्धी मांडीत टोचतो आणि पुष्कळदा तो माणूस डोळ्यांदेखत परत येतो. तुमच्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली आहे. ग्रामसभेत तुम्ही उभ्या राहता तेव्हा त्या ग्रंथी हेच औषध, त्याहून कितीतरी हलक्या हातानं, तुमच्या रक्तात सोडतात. हृदय जोरात चालतं, म्हणजे रक्त जास्त फिरतं. यकृत साठवलेली साखर बाहेर काढतं. श्वासनलिका रुंदावतात. कातडीकडचं रक्त आत वळतं, म्हणून तळहात गार. अंगानं पचनाचं काम बाजूला ठेवलेलं असतं, म्हणून लाळ आटते आणि कोरड पडते. स्नायू तयारीत असतात, म्हणून थरथर. यातलं एकही लक्षण बिघाडाचं नाही. आपल्या बाईपुढे मोठं काम उभं आहे एवढंच शरीरानं ओळखलेलं असतं, आणि त्या कामासाठी घरातलं होतं नव्हतं ते त्यानं पुढ्यात आणून ठेवलेलं असतं.

मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण पटलं एका रात्री. नोकरीचं पहिलंच वर्ष, तालुक्याचं ठिकाण, रात्री दोनला सिझेरियनची बाई आली. मोठे डॉक्टर परगावी. पाठीत सुई द्यायची होती आणि औषध भरताना माझी सिरिंज कुपीच्या तोंडाला खडखड वाजत होती. थिएटरच्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि बाळाचे कपडे मांडता मांडता म्हणाल्या, "हात कापतायत ना? बरं झालं, झोप उडाली तुमची. चला, धरा सुई." धीर देणारं काहीच त्या बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त माझ्या थरथरीला दुसरं नाव दिलं. सुई पहिल्या खेपेला बसली.

पुढे मॉनिटर आले तेव्हा हेच मी पडद्यावर बघितलं. एकाच सकाळी हर्नियाचे दोन पेशंट. दोघांची नाडी १२०च्या पुढे. पहिला म्हणाला, "बाई, छाती फुटतीय, आज काय मी वाचत नाही." त्याचं बीपीही चढत गेलं, त्याला आधी शांत करणारं औषध द्यावं लागलं. दुसरा पैलवान होता. त्याला मी म्हटलं, धडधडतंय का हो? तो म्हणाला, "आखाड्यात उतरायच्या आधी असंच हुतंय बघा. त्याबिगर कुस्ती कशी हुणार?" आणि हात टेबलावर पसरून स्वतःच सलाइनसाठी पुढे केला. जतकडच्या जत्रांत तुम्ही फड पाहिले असतील. जोड ठरली की पैलवान शड्डू ठोकतो. त्या वेळी त्याच्या छातीत काय चाललेलं असतं, त्याला विचारून बघा. तुमच्यासारखंच.

तुम्हाला वाटतंय की ही तुमची कमजोरी आहे, शिक्षण कमी म्हणून, बाईमाणूस म्हणून. तसं नाही. माणसाच्या अंगात खात्रीनं ताण निर्माण करायचा असेल तर काय करावं, हा प्रश्न जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाच्या संशोधकांपुढे होता. १९९३ साली त्यांनी जी चाचणी प्रसिद्ध केली ती आजही जगभर वापरतात. त्यात विजेचा झटका नाही, साप नाही. माणसाला अनोळखी परीक्षकांसमोर उभं करतात आणि पाच मिनिटं बोलायला लावतात. परीक्षकांना सक्त सूचना असते, हसायचं नाही, मान डोलवायची नाही. त्यानंतर १०२२मधून १३ वजा करत जायचं, तेही मोठ्यानं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यानं बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं दुसरं संप्रेरक, दुपटीच्या वर जातं. त्यात धट्टीकट्टी, शिकलेली माणसं असतात. तुमची पुढची रांग तर नुसती गप्प बसली नाही, हसली.

मग टँकरवाल्यासमोर आवाज का कापत नाही? तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. धडधड तिथेही होत असणार, चांगलं कडाक्याचं भांडताना नाडी काय ७०वर राहते? पण तुमची नजर पाण्यावर असते. पाणी आलं पाहिजे, बस्स. ग्रामसभेत तुमची नजर स्वतःकडे वळते. कागद हलतोय, ते बघतायत, आता हसतील. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली याची चांगली फोड केली होती. संकट समोर आलं की मन दोन हिशोब करतं. एक, माझं काय पणाला लागलंय? दोन, ते निभवायला माझ्याकडे काय आहे? टँकरपुढे पणाला गावाचं पाणी आहे, आणि तुमच्याकडे तोंड आहे, फोन नंबर आहेत, खेपांची वही आहे. सभेत पणाला तुमची लाज आहे, आणि हातात ग्रामसेवकांनी लिहून दिलेला कागद.

या हिशोबाचा परिणाम नुसता मनावर होत नाही. जेरेमी जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तशाच कठोर चेहऱ्यांसमोर भाषण करायला लावलं. त्यातल्या काही जणांना आधी एवढंच समजावून सांगितलं होतं, की आता छाती धडधडेल आणि ती धडधड तुमच्या मदतीला येते. धडधड दोन्हीकडे झाली. पण ज्यांना हे सांगितलं होतं त्यांच्या हृदयानं जास्त रक्त बाहेर टाकलं आणि रक्तवाहिन्या तितक्या आवळल्या गेल्या नाहीत. भूल देणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल सांगू? रक्तवाहिन्या सैल करायला आम्ही औषधं वापरतो. इथे दोन-चार वाक्यांनी तसलं काहीतरी घडत होतं.

आपल्या भाषेनं हे कधीच ओळखलेलं आहे. आपण म्हणतो, टेन्शन येतं. आणि सल्ला देताना म्हणतो, टेन्शन घेऊ नको. येणं आपल्या हातात नसतं, घेणं थोडंफार असतं. तेही दोन तऱ्हांचं. मनाला लावून घेणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं. एकात माणूस खचतो, दुसऱ्यात कामाला लागतो. १५ ऑगस्टचं हसणं तुम्ही मनाला लावून घेतलंत. २ ऑक्टोबरची सभा मनावर घ्या.

नुसतं स्वतःला बजावून हे होणार नाही. दुसऱ्या हिशोबात भर घालावी लागते. टाकीचं काम मंजूर कधी झालं, पैसे किती आले, किती खर्च झाले, हे तीन आकडे पाठ करा, कागदावर ठेवू नका. पहिलं वाक्य तुमच्या बोलीत ठरवा आणि घरात भाकऱ्या थापताना मोठ्यानं म्हणा. सुटा कागद धरू नका, तो पंख्याच्या वाऱ्यानंही हलतो. जाड पुठ्ठ्याची फाइल घ्या आणि टेबलावर ठेवा. उभं राहण्याआधी दोन घोट पाणी. धडधड सुरू झाली की "शांत हो, शांत हो" असं स्वतःला म्हणू नका, घोडा धावायला निघालेला असताना लगाम खेचल्यासारखं होतं ते. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली दाखवलं होतं, की गाण्याआधी आणि भाषणाआधी स्वतःला शांत हो म्हणणाऱ्यांपेक्षा, मला हुरूप आलाय असं म्हणणाऱ्यांना जास्त चांगलं जमतं. तुम्ही म्हणा, "आलं अंगात बळ, आता टाकीचं बोलते." आणि एक लक्षात ठेवा. रक्तातलं अ‍ॅड्रेनालीन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. १५ ऑगस्टला तुम्ही नेमक्या त्या दोन मिनिटांत खाली बसलात. या वेळी तेवढी काढा, आवाज कापला तर कापू द्या.

मिस्टरांना सांगा, सभेत बोलायचं नाही. त्यांनी मागच्या रांगेत बसावं. सभेचं अध्यक्षपद कायद्यानं सरपंचाचं आहे. तुमच्या ऐवजी ते एकदा बोलले, की पुढच्या खेपेला तुमची भीती दुप्पट होईल, कारण उभं राहिल्यावर पुढे काय होतं हे तुमच्या शरीराला कळलेलंच नसेल.

नमस्कार मॅडम. वय ३१, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वर्षभरापूर्वी स्मार्ट घड्याळ घेतलं. त्यात रोजचा स्ट्रेस स्कोर येतो. माझा जवळजवळ रोज लाल असतो. स्ट्रेसनं हार्ट अटॅक येतो, प्रतिकारशक्ती जाते, हे वाचून वाचून आता स्कोर बघितला की छातीत धस्स होतं, आणि मग तो आणखी वाढतो. ईसीजी, शुगर, थायरॉइड सगळं नॉर्मल आहे. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रात्री एकपर्यंत चालतात. ध्यानाचं अ‍ॅपही लावलं, पण ध्यान करतानाही स्कोरच बघतो.

तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून तू म्हणते.

घड्याळ मनगटावरून नाडी वाचतं आणि दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं यावरून अंदाज बांधतं. धडधड कशामुळे होतेय ते त्याला कळायचा मार्ग नाही. मित्राच्या वरातीत नाचताना बघ, तेव्हाही लाल दाखवेल.

ताण म्हणजे विष, ही समजूत आली कुठून ते ऐक. हान्स सेली नावाचा डॉक्टर माँट्रियलला उंदरांवर काम करत होता. १९३६ साली त्यानं छोटंसं टिपण प्रसिद्ध केलं. थंडीत ठेवा, दमेपर्यंत पळवा, कसलंही विषारी इंजेक्शन द्या, उंदरांच्या शरीरात तेच बदल होतात: मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीची थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. स्ट्रेस या शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो त्याच्या कामातून. पण ते उंदीर पिंजऱ्यात होते. त्यांना सुटका नव्हती, विसावा नव्हता, आणि हे कशासाठी चाललंय हे कळायची सोय नव्हती. पुढे सेलीनंच सांगितलं, की सगळा ताण वाईट नसतो, काही ताण माणसाला हवा असतो. ते दुसरं वाक्य वर्तमानपत्रांपर्यंत फारसं पोचलं नाही.

तुझ्या कामाची आणखी एक गोष्ट. अमेरिकेत १९९८ साली २८,७५३ प्रौढांना विचारलं होतं, वर्षभरात ताण किती होता आणि त्यानं तुमच्या तब्येतीवर परिणाम झाला असं वाटतं का? पुढची काही वर्षं त्यांच्यातल्या मृत्यूंची नोंद ठेवली. २०१२ साली निष्कर्ष आले. ताण खूप आहे आणि त्यानं तब्येतीचं फार नुकसान होतंय, असं दोन्ही म्हणणाऱ्यांत अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्के जास्त निघाला. ज्यांना ताण खूप होता पण तो तब्येतीला बाधतो असं वाटत नव्हतं, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. हे वाचून "आता माझ्या भीतीनंच मी मरणार" असा तिसरा घोर लावून घेऊ नकोस. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. त्यातले कित्येक जण आधीच आजारी असतील आणि म्हणूनच तसं म्हणाले असतील. मी तुला ती एवढ्यासाठीच सांगितली, की ताणाविषयी आपण काय मानतो हेही मोजण्याजोगं आहे, हे तुला कळावं.

घड्याळातला स्कोर बंद कर. वेळ बघायला ते राहू दे. आणि झोपेचं काहीतरी कर. रात्री एकपर्यंत कॉल आणि सकाळी आठला उठणं, यावर कुठलंही अ‍ॅप चालणार नाही. आठवड्यातले दोन दिवस कॉल दुसऱ्यानं घ्यावेत असं मॅनेजरला लेखी विचार. ज्या दिवशी छातीत दाब, घाम आणि डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असं एकदम होईल, त्या दिवशी घड्याळ न बघता सरळ दवाखाना गाठ. बाकीच्या दिवशी धडधडलं तर जिने चढ. अंगानं इंधन बाहेर काढलंच आहे, ते वापर.

डॉक्टरबाई, मी देवरुखजवळ राहते, वय ४६. सासूबाई चार वर्षांपूर्वी पक्षाघातानं अंथरुणाला खिळल्या, आता विसरतातही. मला कधी ओळखतात, कधी चोर म्हणतात. मिस्टर नोकरीला मुंबईत, महिन्यातून दोनदा येतात. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. पाठ गेली आहे. महिन्यापूर्वी विळीवर बोट कापलं ते अजून नीट भरलं नाही. नणंद डोंबिवलीला असतात, त्या रोज सकाळी चांगल्या विचारांचे मेसेज पाठवतात. परवा फोनवर म्हणाल्या, "दृष्टिकोन बदल, सेवा म्हणून बघ, त्रास वाटणारच नाही." मी खरंच वाईट आहे का? कधी कधी वाटतं कुठेतरी निघून जावं.

बाई गं, तू वाईट नाहीस.

पहिलं काम बोटाचं. महिन्यात जखम भरत नाही म्हणजे रक्तातली साखर तपासायलाच हवी, उपाशीपोटी आणि जेवणानंतर. या आठवड्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही होईल.

साखर ठीक निघाली तर मी तुला जे सांगणार आहे ते नणंदेलाही वाचून दाखव. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायोच्या संशोधकांनी १३ बायका निवडल्या. सगळ्या आपापल्या घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या माणसाची देखभाल करणाऱ्या. त्यांच्या जोडीला त्याच वयाच्या, तेवढ्याच मिळकतीच्या दुसऱ्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी छोटी जखम केली आणि ती कधी भरते ते बघत बसले. देखभाल करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. त्या बायकांनी कुठला चुकीचा विचार केला होता म्हणून हे झालं नाही. अंगाला विसावाच मिळाला नव्हता, म्हणून झालं. अ‍ॅड्रेनालीन मिनिटांत ओसरतं, पण रात्रंदिवस, वर्षानुवर्षं हाक येत राहिली की कॉर्टिसोल खाली उतरायला उसंत मिळत नाही, आणि ते जखम भरणाऱ्या पेशींचा हात धरून ठेवतं.

वरच्या सरपंच ताईंना मी दृष्टिकोनाबद्दल इतकं लिहिलं, आणि तुला तेच का सांगत नाही? त्यांची सभा तासाभराची आहे. ती संपते, त्या घरी येतात, झोपतात. अशा ताणाला आपण काय म्हणतो, यानं फरक पडतो. या विषयावर ज्यांचं काम गाजलं त्या आलिया क्रम यांनी २०१३ साली एका वित्तसंस्थेतल्या जवळपास चारशे कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. तीन-तीन मिनिटांच्या फिती दाखवल्या. ताण माणसाला घडवतो असं दाखवणाऱ्या फिती ज्यांनी पाहिल्या, त्यांना काम सुधारल्यासारखं वाटलं, मनाच्या तक्रारी कमी झाल्या. मला तो प्रयोग आवडतो. पण ती पगारी माणसं होती, संध्याकाळी त्यांचं ऑफिस बंद होत होतं. तुझं ऑफिस चार वर्षांत एकदाही बंद झालेलं नाही. जिथे ओझंच एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, तिथे "नजर बदल" म्हणणं म्हणजे ओझ्याला हात न लावता उचलणाऱ्याला दोष देणं. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. आपल्याकडे बायकांच्या वाट्याला तो उपदेश फार येतो.

सेवा म्हणून बघायला तुला कुणी शिकवायला नको, चार वर्षं तू तीच करते आहेस. आता मदत मागायची. नणंदेला फोन कर आणि मेसेजचा विषयही काढू नकोस. सरळ म्हण, "वन्सं, आई तुमच्याही आहेत. दिवाळीनंतरचे आठ दिवस तुम्ही इथे येऊन राहा, मी माहेरी जाते." मोघम "कधीतरी या" म्हणू नकोस, तारीख सांग. मिस्टरांना सांग, रात्रीसाठी बाई बघा, आठवड्यातले दोन दिवस तरी, पैसे भावंडांनी वाटून द्यावेत. हवेची गादी घ्या, म्हणजे कूस बदलायला दर वेळी तुझी पाठ मोडणार नाही. बेडसोर टाळायला दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, पण खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली चादर घालून दोघांनी ओढलं की एकटीनं उचलावं लागत नाही. शेजारची कुणी दुपारी दहा मिनिटं येत असेल तर तिला हे शिकव.

"निघून जावं" असं तू लिहिलंस. माहेरी जावं, कुठेतरी गार वाऱ्यात बसावं, असं वाटत असेल तर ते अगदी साहजिक आहे. पण जगणंच नको, असं मनात येत असेल, एकदाही, तर थांबू नकोस. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला सासूबाईंची कूस बदलून झाल्यावर झोप लागली नाही तरी लाव. आणि मिस्टरांना त्याच दिवशी सांग, मेसेज करून नव्हे, बोलून.

साखरेचा रिपोर्ट आला की पाठव. वन्सं येण्याची तारीख ठरली की तीही कळव.